शेऱ्याचा रकाना

"होऊन जाईल, मॅडम," असं मॅनेजरसाहेब बोलून गेले आणि तिथेच सगळं बिघडलं.

हे वाक्य त्यांच्या तोंडून सवयीनं निघतं. नळ गळू दे, दिवा उडू दे, मॅनेजरसाहेबांचं तोंड आधी "होऊन जाईल" म्हणतं आणि मग डोक्याला कळवतं. एरवी ते होऊनही जायचं, कारण नळवाला आणि दिवेवाला येऊन करून जायचे. यावेळी मात्र डॉक्टरीणबाईंना हवा होता अहवाल. त्यांच्या दातांच्या दवाखान्यात लोक वेळ घेत होते आणि येत नव्हते. डॉक्टर हातमोजे चढवून उभे, खुर्ची मागे झुकवून तयार, आणि ज्याची दाढ काढायची तो माणूस घरी गालाला हात लावून "आता बरं वाटतंय" म्हणत बसलेला. असं कुणाकुणाच्या बाबतीत होतं, आठवण करून देणारा संदेश त्यांना पोचतो तरी का, हे सगळं एका पानावर हवं होतं, रंगीत आलेखासकट, भागीदार डॉक्टरांच्या बैठकीआधी.

आता मॅनेजरसाहेब हे मुळात घाबरट गृहस्थ, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पुढे ते लपणारही नाही. शिक्का मारलेलं पाकीट आलं की ते उघडायला ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतात. "जरा बोलायचं होतं" असं कुणी म्हटलं, तर ते बोलणं होईपर्यंत त्यांना जेवण जात नाही. ज्या दवाखान्याचा कारभार ते सांभाळतात, तिथल्या खुर्चीत ते स्वतः एकदाही बसलेले नाहीत. त्यांची खोली मुद्दाम टोकाला आहे आणि आत यंत्राची घरघर सुरू झाली की ते दार लावून पंखा मोठा करतात.

अहवालासाठी दोन ठिकाणची माहिती एकत्र आणायची होती. एक म्हणजे दवाखान्याची स्वतःची फाइल: कोण, कधी, कुठला दात. दुसरी, आठवणीचे संदेश पाठवायचं काम एका बाहेरच्या कंपनीकडे होतं, त्या कंपनीकडची नोंद. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायच्या आणि जोडायच्या, की झालं. निदान सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत तरी एक हसरी बाई हे काम हातातला कॉफीचा कप खाली न ठेवता करत होती.

या फाइलची मात्र एक खासियत होती. दवाखान्यात पूर्वापार पद्धत अशी, की स्वागतकक्षातल्या बाई प्रत्येक पेशंटच्या नावापुढे 'शेरा' नावाच्या रकान्यात दोन शब्द लिहून ठेवतात. डॉक्टर पेशंटला आत बोलावण्याआधी नाव नाही वाचत, शेरा वाचतात. व्यायामशाळेचे मालक, दंड असे की बाही फाटावी, त्यांच्यापुढे लिहिलेलं: "सुई दाखवू नये. घेरी येते." आगीच्या बंबावरचे मोठे अधिकारी: "यंत्राचा आवाज ऐकून खुर्ची सोडून जातात. दाराशी कुणीतरी उभं राहावं." गाणं शिकवणाऱ्या बाई: "आ करायला सांगितलं की सूर लावतात. भीतीमुळे. थांबवू नये." यात चेष्टा अजिबात नव्हती. घाबरलेल्या माणसाला कसं सांभाळायचं हे त्यात लिहिलेलं होतं, आणि डॉक्टर ते तसं सांभाळतही होते. शिवाय बाईंनी शिस्त म्हणून घरटी एकच फोन नंबर घेतलेला होता, घरात जो माणूस हमखास फोन उचलतो त्याचा.

मॅनेजरसाहेबांनी दोन्ही ठिकाणची माहिती सॉफ्टवेअरमध्ये आणली, 'जोडा' असं बटण दाबलं, आणि पडद्यावर पिवळी पट्टी आली.

पट्टीतला मजकूर भयंकर सभ्य होता. ही क्वेरी, म्हणजे माहिती मागवायची आज्ञा, दुसऱ्या क्वेरींच्या आधारानं चालते, तेव्हा तिला माहितीच्या मूळ ठिकाणी थेट जाता येणार नाही, कृपया जोडणी नव्यानं उभारावी, अशा अर्थाचं काहीतरी. मॅनेजरसाहेबांनी ते तीनदा वाचलं. आपण कुठेतरी जाऊ नये तिथे गेलो आहोत आणि कुणीतरी दारातच अडवलं आहे, एवढं त्यांना कळलं. खाली आणखी एक प्रश्न होता: या दोन्ही माहितीची प्रायव्हसी कुठल्या पातळीची? प्रायव्हेट, ऑर्गनायझेशनल की पब्लिक? म्हणजे आपल्यापुरती, संस्थेपुरती की जगजाहीर. मॅनेजरसाहेबांनी फाइलला 'प्रायव्हेट' दिलं, कंपनीच्या नोंदीला 'पब्लिक' दिलं आणि पिवळी पट्टी आणखी रुंद झाली.

एक्सरे काढणारे तंत्रज्ञ डोकावले. बिघडलेलं एक्सरेचं यंत्र त्यांनी एकदा नुसत्या चापटीनं चालू केलं होतं, तेव्हापासून दवाखान्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. "साहेब, मशीननं प्रश्न विचारला की उत्तर द्यायचंच नसतं," ते म्हणाले. "बंद करायचं, चहा प्यायचा, चालू करायचं." मॅनेजरसाहेबांनी बंद केलं, चहा प्यायले, चालू केलं. पट्टी ताजीतवानी होऊन परत आली.

मग शेजारच्या दुकानातले चष्मेवाले आले. हे गृहस्थ सल्ला देण्यासाठीच दुकान उघडतात आणि अधूनमधून चष्मे विकतात. त्यांनी नाकावरचा चष्मा कपाळावर घेतला, म्हणजे त्यांना आता काहीच दिसत नव्हतं, आणि पडद्याकडे निरखून पाहिलं. "अहो, सगळं पब्लिक करून टाका की! लपवायचंय काय त्यात? दातच तर आहेत. हसलं की जगाला दिसतातच."

"पण त्यात शेरे आहेत," मॅनेजरसाहेब कसेबसे म्हणाले.

"मग शेऱ्यांचं काय? कोण वाचतंय?"

हे मॅनेजरसाहेबांना पटलं नाही. पण पटलं नाही असं तोंडावर म्हणायची त्यांना भीती वाटली, म्हणून त्यांनी मान हलवली. शेवटी त्यांनी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, "सर, तुमच्या क्वेरीज एकमेकींत गुंतल्यात. आणणारी वेगळी ठेवा, जोडणारी वेगळी ठेवा. दोन्ही कामं एकीलाच सांगितलीत म्हणून अडतंय. आणि प्रायव्हसी बंद करू नका हं."

"छे छे," मॅनेजरसाहेब म्हणाले. बंद करता येते हे त्यांना तेव्हाच कळलं.

त्यांनी वेगळं करून पाहिलं. आणणाऱ्या दोन झाल्या, जोडणारी एक झाली, आणि मग कुणी कुणाला काय दिलं हे मॅनेजरसाहेबांनाच समजेना. शिवाय काही बदलायचं तर संस्थेच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी हवी, असं सॉफ्टवेअर म्हणालं. त्यांनी रीतसर अर्ज टाकला. थोड्या वेळानं त्यांनाच मेल आला: मॅनेजरसाहेबांनी परवानगी मागितली आहे, द्यावी काय? दवाखान्याचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून त्यांचंच नाव होतं. आता उद्या काही झालं तर परवानगी कुणी दिली असं विचारणार, म्हणून त्यांनी 'नंतर ठरवू' दाबलं. लगेच दुसरा मेल आला, तुमचा अर्ज विचाराधीन आहे. अर्जदार म्हणून मॅनेजरसाहेबांना याचा फार राग आला. आपल्या कामाची इथे कुणालाच कदर नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. अर्धा दिवस असा स्वतःच्याच दारात ताटकळल्यावर त्यांनी स्वतःला परवानगी देऊन टाकली.

आणि मग ती चौकट दिसली. 'प्रायव्हसीच्या पातळ्यांकडे दुर्लक्ष करा.' शेजारी बारीक अक्षरांत इशारा होता, की असं केल्यास गोपनीय माहिती नको त्या ठिकाणी जाऊ शकते. मॅनेजरसाहेबांचं बोट वरच थांबलं. एवढ्यात दारावर टकटक झाली आणि डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "झालं का हो?" दचकून बोट खाली आलं.

पट्टी गेली. पडद्यावर रकाने सरळ उभे राहिले, नावासमोर नंबर, नंबरासमोर संदेशाची स्थिती, आणि प्रत्येक ओळीत एकच शब्द: पाठवला, पाठवला, पाठवला. "झालं, मॅडम!" मॅनेजरसाहेबांचा आवाज जरा चढलाच. एकूण एक संदेश पोचता झालेला आहे, म्हणजे दवाखान्याकडून कसलीच कसूर नाही, दोष सगळा दातांचा. त्यांना इतकं मोकळं वाटलं की त्यांनी रकान्याच्या मथळ्याकडे लक्ष दिलं. 'स्थिती' हे फार तुटक वाटत होतं. त्यांनी 'सद्यस्थिती' केलं. मग 'संदेशाची स्थिती'. मग परत 'स्थिती'. प्रत्येक वेळी कोपऱ्यात एक चाक थोडा वेळ फिरायचं. बिचारं मेहनत घेतंय, असं त्यांच्या मनात आलं.

स्वागतकक्षातल्या बाई दार न वाजवता आत आल्या. असं कधी होत नसे.

"साहेब, व्यायामशाळेचे मालक आहेत फोनवर. विचारतायत, माझ्या बायकोला कुणी कळवलं?"

"काय कळवलं?"

"सुई बघितली की घेरी येते ते."

बाहेर दुसरा फोन वाजला, पहिला चालू असतानाच. बाई गेल्या आणि परत आल्या. आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्यांचा फोन घरी मुलगी उचलते, तिनं तो संदेश मैत्रिणीला वाचून दाखवला होता. गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या यजमानांना एकच संदेश पुन्हा पुन्हा आला होता आणि शेवटचा येऊन गेल्यापासून ते हसायचे थांबले नव्हते. बाईंनी हे सगळं कोरड्या आवाजात सांगितलं. शेरे त्यांच्या हातचे होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

मदतकेंद्राचा फोन लागेपर्यंत मॅनेजरसाहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सर, प्रायव्हसी बंद केलीत का?" त्याच गोड बाई होत्या.

"थोडीशी," मॅनेजरसाहेब म्हणाले.

"थोडीशी बंद होत नसते, सर." मग बाईंनी समजावून सांगितलं. कंपनीकडची नोंद बघायचा इंटरनेटवरचा पत्ता वेगळा आणि संदेश पाठवायचा पत्ता वेगळा. मॅनेजरसाहेबांनी टाकला होता पाठवायचा. मधली भिंत होती तोवर सॉफ्टवेअर अडून बसलं होतं. भिंत काढली तसं ते फाइलमधली एकेक ओळ उचलून बाहेर घेऊन गेलं, शेऱ्यासकट. कंपनीनं इमानेइतबारे पाठवली आणि परत कळवलं, पाठवला.

"पण एकेकाला इतक्या वेळा कसं?"

"तुम्ही काही बदललंत की ते परत जाऊन विचारून येतं ना, सर, आणि दर खेपेला संदेश जातो. मथळा वगैरे बदललात का?"

मॅनेजरसाहेबांनी फोन ठेवला. निदान कुणाकुणाला गेलं हे तरी बघावं, म्हणून ते यादी वरून खाली वाचू लागले. अर्ध्यावर आल्यावर त्यांना एक नंबर ओळखीचा वाटला. आपला एखादा नंबर परक्या ठिकाणी दिसला की ओळख पटायला वेळ लागतो. तो त्यांच्या बायकोचा नंबर होता. त्याच्यापुढे नाव होतं अक्काचं. आणि त्यापुढे लिहिलं होतं: "खुर्चीत बसल्यावर रडतात. हात धरावा लागतो. भावाला कळू देऊ नये."

अक्का म्हणजे मॅनेजरसाहेबांची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं, आणि ती त्यांच्याकडेच राहते. खरं म्हणजे तेच तिच्याकडे राहतात. जन्मभर तिनं बस आगाराच्या तक्रार खिडकीवर नोकरी केली. बस उशिरा आली म्हणून भांडायला आलेली माणसं तिच्या खिडकीवरून "पुढच्या वेळी आम्हीच लवकर येऊ" असं कबूल करून परत जायची. एकदा जिन्यात चोर शिरला होता, त्याला तिनं खाली बसवून त्याच्या आईचा पत्ता विचारला होता. मॅनेजरसाहेब लहानपणी अंधाराला भ्यायले, कुत्र्याला भ्यायले, गणिताला तर फारच भ्यायले, आणि प्रत्येक वेळी अक्का पुढे आणि ते तिच्या पाठीमागे, असंच सगळं पार पडलं. घाबरणं हे काम घरात त्यांच्याकडे होतं. अक्का रडते, या वाक्याचा अर्थच त्यांना लागेना.

"हे काय आहे?" त्यांनी बाईंना विचारलं.

"साहेब, शेऱ्यात लिहिलंय ना, तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून," बाई म्हणाल्या. "तुमच्या सुट्टीच्या दिवशी येतात त्या."

आणि मग खरी भीती आली. नोकरी जाईल, लोक दारात येतील, ही भीती तिच्यापुढे काहीच नव्हती. संदेश गेला होता बायकोच्या फोनवर. बायको आणि अक्का यांचं भांडण कधी झालं नव्हतं. झालं असतं तर मिटलं असतं. खिडकी कुणी लावायची, डबा कुठल्या फळीवर ठेवायचा, यावरून वर्षानुवर्षं हसतमुखानं टोमणे चालले होते. अक्कानं एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, ते बायको अजून पाहुण्यांना सांगते. तिच्या हातात आता हे पडलं होतं. अक्कानं स्वतःच्या हातानं वाढवलेल्या भावापासून जे लपवलं, ते त्याच भावानं भावजयीच्या फोनवर पाठवलं होतं, आणि मथळा आवडला नाही म्हणून परत परत पाठवलं होतं. अक्काची मान खाली गेलेली मॅनेजरसाहेबांनी कधी पाहिली नव्हती आणि त्यांना ती पाहायची नव्हती.

त्यांनी बायकोला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाहीच. संदेश पाठवणाऱ्या कंपनीला फोन केला, की गेलेले संदेश परत बोलवा. "गेलेला संदेश परत येत नाही," तिकडचा माणूस म्हणाला, "पण सगळ्यांना दिलगिरीचा एक पाठवू शकता. आमचा ठरलेला नमुना आहे, त्यात मजकूर टाका आणि 'सर्वांना' दाबा." मॅनेजरसाहेबांनी घाईघाईनं टाइप केलं, की आधीचा संदेश चुकून गेला आहे, त्याकडे कृपया लक्ष देऊ नये. 'सर्वांना' दाबलं. त्या नमुन्याच्या शेवटी एक रिकामी जागा होती, आणि तिथे फाइलमधला शेरा आपोआप भरला जाई, हे त्यांना व्यायामशाळेच्या मालकांच्या दुसऱ्या फोनवरून कळलं. त्यांच्या बायकोला आता असा संदेश आला होता: "आधीचा संदेश चुकून गेला आहे, त्याकडे कृपया लक्ष देऊ नये. सुई दाखवू नये. घेरी येते."

म्हणजे तिकडे घरीही आलाच असणार.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मास्क अजून तोंडावर होता, फक्त डोळे दिसत होते, आणि तेवढे पुरेसे होते. "मॅनेजर," त्या म्हणाल्या. 'साहेब' गळून पडलेलं मॅनेजरसाहेबांना स्पष्ट ऐकू आलं. "ही माणसं माझ्यासमोर तोंड उघडतात ती विश्वासानं. संध्याकाळी माझ्या खोलीत या."

"तोवर काय करू, मॅडम?"

"तोवर माझ्यासमोरून जा."

ते गेले. दुकानाच्या पायरीवर चष्मेवाले उभेच होते. त्यांना सगळं कळलेलं होतं. अशा गोष्टी त्यांना चष्म्याशिवायही दिसतात. "फोन हातात आला की पाण्यात टाका," ते म्हणाले. "नाहीतर सरळ कबूल करून टाका. नाहीतर काहीच करू नका, दोन दिवसांत लोक विसरतात." मॅनेजरसाहेबांनी तिन्हीला मान हलवली. वाटेत प्रत्येक खिडकीत कुणीतरी फोनकडे बघून हसतंय असं त्यांना वाटत होतं. घराच्या जिन्याशी ते थांबले, वर कान देऊन. आवाज नव्हता. भांडणाचा आवाज आला असता तर बरं, इतकी त्या शांततेची त्यांना भीती वाटली.

अक्का घरात नव्हती. बायको पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. फोन तिच्या मांडीशेजारीच पडलेला होता.

"आज लवकर?" ती म्हणाली.

"हो. जरा फोन बघू तुझा."

"कशाला?"

"तारीख बघायची होती."

"तारीख भिंतीवर आहे." तिनं टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, "पुसले."

"काय?"

"सगळे पुसले. पहिला आला तसा पुसला. दुसरा आला, तोही पुसला. मग येतच राहिले. तुमचाही फोन मध्येच वाजत होता, तो घेऊ की हे पुसू? शेवटी माफीचा आला, त्यातही परत तेच! अहो, दवाखाना चालवताय की दवंडी पिटताय?"

मॅनेजरसाहेब पलंगावर बसले, ते नेमके घडी घातलेल्या कपड्यांवर.

"म्हणजे तू वाचलंस," ते म्हणाले. "हे बघ, एक विनंती आहे. तिला यातलं काही बोलू नकोस. टोमणासुद्धा नको. तुला काय हवं ते मी..."

"मला वाचायला कशाला हवं?" बायको म्हणाली. "मीच बाईंना तसं लिहायला सांगितलंय. हात मीच धरते."

"कुणाचा?"

"आणखी कुणाचा? अक्कांचा. त्या पुढे निघतात, मी मागून निघते, दवाखान्याच्या कोपऱ्यावर भेटतो. रडतात हो लहान मुलीसारख्या. हे बघा." तिनं तळहात पुढे केला. अंगठ्याखाली नखांचे व्रण होते, काही जुने, काही अलीकडचे. "आणि बाहेर आलं की मलाच म्हणतात, तुझ्या हाताला जोर म्हणून नाही."

मॅनेजरसाहेबांनी ते व्रण पाहिले. आपण या घरात इतकी वर्षं राहतो आणि आपल्याला इथलं काहीच माहीत नाही, असं वाटून त्यांना लाज वाटली. "मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका, स्वतःचाच भाऊ आहे. तर म्हणाल्या, नको. बारक्या लहानपणापासून माझ्याकडे बघून धीट होतो. मीच घाबरते असं कळलं, तर त्यानं कुणाकडे बघायचं?" बायकोनं त्यांच्या खालून एक सदरा ओढून काढला आणि परत घडी घातली. "आता तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. मी त्यांना वचन दिलंय म्हणून सांगते."

काही बोलावं म्हणून मॅनेजरसाहेबांनी तोंड उघडलं, तोच जिन्यावर ओळखीची पावलं वाजली.

"काय रे बारक्या!" अक्का दारातूनच म्हणाली. हातात भाजीची पिशवी होती. "काय उद्योग करून ठेवलास दवाखान्यात? बाजारात व्यायामशाळेवाल्याची बायको सांगत होती. हसून हसून पिशवी पडली तिच्या हातातली."

"चूक झाली, अक्का."

"ती झालीच." तिनं पिशवी खाली ठेवली, परत उचलली, दुसरीकडे ठेवली. मग भाजीकडे बघत विचारलं, "सगळ्यांना गेले का रे ते मेसेज?"

"पेशंटांना गेले," मॅनेजरसाहेब म्हणाले. बायको घड्या घालायची थांबली होती. "तुला कुठून येणार? तू थोडीच पेशंट आहेस."

"मी कशाला असेन?" अक्का म्हणाली. "माझे दात काय झालेत?" आणि तिचे खांदे जरा खाली आले. "मग आता असा पांढराफटक पडून का बसलायस?"

"संध्याकाळी मॅडमनी खोलीत बोलावलंय. बहुतेक नोकरी जाणार."

"संध्याकाळपर्यंत बसून राहणार? ऊठ. आत्ताच जाऊ. मी येते, बघते माझ्या भावाला कोण काय बोलतं ते."

"नको गं, तू कशाला..."

"चप्पल घाल."

मॅनेजरसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती पुन्हा घड्या घालू लागली होती, आणि खाली मान घालून हसत होती. किंवा रडत असेल; नीट कळलं नाही.

नेहमीसारखी अक्का पुढे आणि मॅनेजरसाहेब मागे, असे ते निघाले. रस्ता ओलांडताना तिनं एका गाडीवाल्याला नुसतं बघून थांबवलं. चष्मेवाल्यांनी पायरीवरून काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तिला पाहिलं आणि मिटलं. पण दवाखान्याचा कोपरा आला तशी तिची चाल मंदावली. पायऱ्यांपाशी औषधांचा तो वास येतो. तिनं पिशवी बरोबर आणली नव्हती, तरी पिशवी सावरल्यासारखा हात हलवला. "ऊन फार आहे ना आज," ती म्हणाली आणि थांबलीच.

अशा प्रसंगी मॅनेजरसाहेबांनी आजवर तिची पाठच पाहिली होती. आता पहिल्यांदा ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिची हनुवटी थरथरत होती. ओठ गच्च मिटलेले होते. आणि तरीही ती पहिल्या पायरीवर पाय ठेवत होती, त्यांच्यासाठी.

"अक्का," ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. हात धर ना."

यात खोटं काहीच नव्हतं.

"एवढा घोडा झालास, लाज वाटत नाही?" अक्का खेकसली आणि तिनं त्यांचा हात घट्ट पकडला. आत कुठल्या तरी खोलीत यंत्राची घरघर सुरू झाली तशी तिची नखं त्यांच्या तळव्यात रुतली. मॅनेजरसाहेबांनी तोंडातून आवाज काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यांनी दार ढकललं आणि दोघं आत गेले.